लहान मुलांची ॲलर्जी : दोष कोणाचा?

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



विहार समितीने आम्हां उभयतांना आरोग्यावर चार शब्द बोलायला सांगितले, त्याबद्दल आम्ही समितीचे आभारी आहोत. आम्ही दोघेही याच वस्तीत वाढलो. एक लहान मुलांचा डॉक्टर झाला, दुसरी परिचारिका झाली. दवाखाना आम्ही दोघे मिळून बघतो, म्हणून भाषणही दोघांनी मिळूनच तयार केले आहे. विषय शोधायला लांब जावे लागले नाही. पावसाळा सुरू झाला की आमच्या बाकावर बसलेल्या पोरांपैकी कोणी खोकत असते, कोणाच्या छातीत घरघर वाजत असते, कोणी कोपराच्या लवणीत खसाखसा खाजवत असते. आणि त्यांच्या आया एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टर, माझ्याच लेकराला हे का झालं?"

अशीच एक आई २००३ साली आमच्याकडे आली होती. नाव सांगत नाही, ती आज इथे बसलेलीही असेल. पाच महिन्यांचा मुलगा. दोन्ही गाल लालभडक आणि ओले, गुडघ्यांच्या मागे कातडी फुटलेली, रात्रभर रडणे. सोबत सासूबाई होत्या. त्यांनी आल्याआल्या सांगून टाकले, "हे हिच्या माहेरचं आहे. आमच्यात कुणाला असलं काही नाही." ती बाई काही बोलली नाही. सासूबाई औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर गेल्या तेव्हा तिने हळूच विचारले, "माझ्या दुधात काही खोट आहे का हो?"

दुधात काही खोट नव्हती, ते आम्ही तिला सांगितले. मुलाला इसब होता, ज्याला आम्ही एक्झिमा म्हणतो. मलम दिले. आणि त्यासोबत एक सल्ला दिला. या मुलाचे अंग ॲलर्जीचे आहे, तेव्हा दोन वर्षांचा होईपर्यंत अंडे देऊ नका आणि तीन वर्षांचा होईपर्यंत शेंगदाण्याला हात लावू देऊ नका. हा सल्ला आमच्या मनाचा नव्हता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००० साली अशा मुलांसाठी हेच छापले होते, पुस्तकांत हेच होते, आम्हीही तेच पाठ केले होते. त्या बाईने तो सल्ला अक्षरशः पाळला. घरात अंडी उकडली की मुलाला शेजारी नेऊन बसवायची. दुसऱ्या वाढदिवसानंतर तिने त्याला अर्धे उकडलेले अंडे भरवले. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली. पोर घेऊन ती धावतच आमच्याकडे आली. पाचव्या वर्षी त्याच मुलाला पावसाळ्यात धाप लागू लागली. आठव्या वर्षी सकाळी उठल्यावर वीस-वीस शिंका.

म्हणजे बघा, आधी कातडी, मग पोट, मग छाती, मग नाक. सगळ्याच मुलांत असे ओळीने होत नाही, कित्येकांचा इसब दोन-तीन वर्षांत बरा होतो आणि पुढे काहीच होत नाही. पण ज्यांच्यात होते त्यांच्यात हा क्रम इतका वेळा दिसतो की डॉक्टरांनी त्याला ॲलर्जीची वाटचाल असे नावच दिले आहे. ही वाटचाल सुरू कुठून होते, हे आज सांगायचे आहे. आणि आमचा तो सल्ला कसा होता, तेही.

आपल्या आजीकडे यासाठी एक शब्द होता, वावडे. "त्याला वांग्याचं वावडं आहे." शब्द चांगला आहे, पण त्यात आपण बरेच काही कोंबतो. दूध प्यायल्यावर पोटात गुडगुड होते, ते बहुतेक वेळा दुधातली साखर न पचल्यामुळे, ती ॲलर्जी नाही. दही खाल्ल्याने सर्दी झाली म्हणतात, तीही बहुधा शेजारच्या पोराकडून आलेली असते. खरी ॲलर्जी वेगळी. ती समजून घ्यायला आपल्याला शंभर-सव्वाशे वर्षे मागे, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातल्या मुलांच्या दवाखान्यात जावे लागेल.

तिथे क्लेमेन्स फॉन पिर्के नावाचे लहान मुलांचे डॉक्टर होते. त्या काळी घटसर्पासारख्या आजारांवर घोड्याच्या रक्तापासून केलेली लस टोचत, तिला सीरम म्हणत. पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांच्या लक्षात आले की पहिल्यांदा सीरम टोचले तर काही मुलांना आठ-दहा दिवसांनी ताप येतो, अंगावर पुरळ उठते, सांधे सुजतात. पण त्याच मुलाला काही काळाने पुन्हा टोचले तर हे सगळे फार लवकर, कधी काही मिनिटांतच होते. औषध तेच, मूल तेच. मग मधल्या काळात बदलले काय? मुलाचे शरीर बदलले. पहिल्या भेटीत ते काहीतरी शिकले. या बदललेल्या वागण्याला पिर्के यांनी १९०६ साली ॲलर्जी हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ साधारण 'वेगळीच प्रतिक्रिया' असा होतो.

ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण आया आम्हाला नेहमी म्हणतात, "पण डॉक्टर, हे तर तो आधी खात होता!" बरोबर आहे. ॲलर्जी पहिल्या भेटीत होत नाही. पहिल्या भेटीत शरीर ओळख करून घेते, आणि ओळख मित्र म्हणून झाली की शत्रू म्हणून, त्यावर पुढचे सगळे ठरते.

हे शिकणे होते कसे, ते कळायला पुढे साठ वर्षे गेली. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत काम करणारे इशिझाका हे जपानी पतीपत्नी आणि स्वीडनमधले योहान्सन व बेनिच या दोन जोड्यांनी रक्तातला एक पदार्थ स्वतंत्रपणे शोधून काढला. त्याला आज आयजीई म्हणतात. आपल्या रक्तात नाना प्रकारचे पहारेकरी असतात, त्यांतला हा एक. याचे मूळ काम जंतांसारख्या परजीवींशी लढण्याचे असावे असे मानतात. पण काही मुलांत तो अंड्याला, धुळीला, झुरळाच्या विष्ठेलाच शत्रू समजून बसतो. कातडी, नाक, श्वासनळ्या, आतडी अशा शरीराच्या वेशीवरच्या जागांवर मास्ट नावाच्या पेशी असतात. हे पहारेकरी त्यांना चिकटून वाट बघत राहतात. 'शत्रू' पुन्हा आला की त्या पेशी फुटतात आणि हिस्टामिन व तशीच इतर द्रव्ये बाहेर सांडतात. ती कातडीत सांडली की गांधी, नाकात सांडली की पाणी आणि शिंका, श्वासनळीत सांडली की ती आवळते आणि धाप लागते. लोक म्हणतात, "अंगावर पित्त उठलं." पित्ताचा यात काही संबंध नाही.

आता खरा प्रश्न. त्या मुलाने तर दोन वर्षे अंडे खाल्लेच नव्हते. मग त्याच्या शरीराने अंड्याशी पहिली ओळख केली कुठे?

याच प्रश्नाने पुढे मोठमोठ्या डॉक्टरांची झोप उडवली. २००३ साली इंग्लंडमधून एक अभ्यास आला. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या लहानपणाची माहिती तपासली, तर त्यांपैकी बऱ्याच जणांना बाळपणी ओला, चिघळणारा इसब होता आणि त्यावर शेंगदाणा तेल असलेली मलमे चोळलेली होती. खाल्ले नव्हते, चोळले होते! २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की फिलॅग्रिन नावाचे कातडीतले प्रथिन ज्यांच्यात जन्मतः कमी असते त्यांना इसबाचा धोका फार वाढतो. भिंतीच्या विटांमधला चुना निघून गेला तर ओल आत येते, तसे हे आहे. अशा कातडीतून आतले पाणी बाहेर जाते आणि बाहेरचे कण आत येतात. मोठ्या माणसांतही याचा पुरावा मिळाला. २०१० च्या सुमारास जपानमध्ये गव्हाचे प्रथिन घातलेला चेहऱ्याचा एक साबण खपत होता. तो वापरणाऱ्यांपैकी दोन हजारांहून अधिक लोकांना पुढे गव्हाचे पदार्थ खाल्ल्यावर ॲलर्जी होऊ लागली. आयुष्यभर गहू खाल्लेली माणसे ही!

म्हणजे एकाच पदार्थाला शरीरात यायला दोन वाटा आहेत. एक तोंडाची. घशाखालून जे येते त्याला आतडी सहसा म्हणतात, हे अन्न आहे, येऊ दे. दुसरी वाट फुटलेल्या कातडीची. तिथून जे येते त्याला शरीर चोर समजते. घरात अंडी फुटतात, शेंगदाणे भाजतात, कूट सांडते, त्याचे कण हातांना, अंथरुणाला, धुळीला लागलेले असतात. फुटलेल्या गालांचे बाळ त्यात लोळते. आम्ही त्याचे तोंड बंद केले आणि कातडीचे दार उघडेच ठेवले.

याचा पडताळा घ्यायचे काम लंडनच्या गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांनी आधी इंग्लंडमधल्या ज्यू मुलांची तुलना इस्रायलमधल्या ज्यू मुलांशी केली. वंश सारखा. पण इंग्लंडमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी १.८५ टक्के मुलांत, इस्रायलमध्ये ०.१७ टक्के, म्हणजे दहापटीचा फरक! इस्रायलमध्ये बाळे दात येताच शेंगदाण्याच्या कुरमुऱ्यासारखा खाऊ खातात, इंग्लंडमध्ये त्या वयात शेंगदाणा जवळजवळ देतच नव्हते. हे २००८ साली छापून आले. मग त्यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळे घेतली. चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षांपर्यंत शेंगदाणा वर्ज्य, दुसऱ्याला आठवड्यातून तीनदा थोडा थोडा खाऊ घालायचा. २०१५ साली निकाल आला. वर्ज्य गटात १७ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली. खाणाऱ्या गटात ३ टक्के.

अंड्याचा असाच प्रयोग जपानमध्ये झाला आणि तो आम्हाला जास्त लागला. इसब असलेली १४७ बाळे घेतली, आधी सगळ्यांचा इसब मलम लावून पक्का आटोक्यात आणला, मग सहाव्या महिन्यापासून अर्ध्यांना शिजवलेल्या अंड्याची अगदी थोडी पूड रोज दिली. वर्षाचे झाल्यावर तपासले, तेव्हा अंडे न दिलेल्या गटात ३८ टक्क्यांना अंड्याची ॲलर्जी होती, दिलेल्या गटात ८ टक्क्यांना. हा निकाल २०१७ चा. आणि अमेरिकेच्या त्या अकादमीने आपला जुना सल्ला २००८ मध्येच मागे घेतला होता. आम्ही मात्र त्यानंतरही दोन-तीन वर्षे तोच सांगत राहिलो, हे कबूल केले पाहिजे. आमच्या सल्ल्यामुळेच त्या मुलाला अंड्याची ॲलर्जी झाली असे सिद्ध करता येणार नाही. पण आम्ही त्याला मदत केली नाही, हे नक्की. आणि वस्तीतल्या मुलाच्या ताटातून अंडे काढणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. त्याच्याइतके स्वस्त आणि चांगले दुसरे काय आहे?

तेव्हा आज आम्ही काय सांगतो? बाळाला सहा महिने आईचे दूध, मग वरचे अन्न सुरू करताना अंडे, शेंगदाणा, मासे, गहू काहीही भीतीपोटी मागे ठेवू नका. अंडे पूर्ण शिजवलेले, आधी बोटाच्या टोकाएवढे. शेंगदाणा अख्खा कधीच नाही, चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या श्वासनळीत तो अडकतो. कूट अगदी बारीक करून पेजेत किंवा वरणात कालवून द्या. मात्र बाळाचा इसब तीव्र असेल किंवा एखाद्या पदार्थाने आधीच ओठ सुजले असतील, तर घरी प्रयोग नको, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि खाल्ल्यावर अंगावर गांधी उठून त्यासोबत धाप लागली, आवाज बसला किंवा मूल गळून गेले, तर शिंकांची गोळी देऊन वाट बघत बसू नका. सरळ रुग्णालय गाठा. तिथे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन लागते आणि ते लगेच लागते.

कातडीचे म्हणाल तर आपल्या बाळंतपणाच्या पद्धतीत एक गोष्ट आम्हाला सांगायचीच आहे. मालिश करू नका असे आम्ही म्हणणार नाही, तसे म्हटले तर या विहारातल्या आज्या आम्हाला परत येऊ देणार नाहीत! पण बाळाची कातडी फुटलेली, ओली असेल तर तिच्यावर डाळीचे पीठ, दूध, साय, शेंगदाणा तेल चोळू नका. हे सगळे खायचे पदार्थ आहेत. ते तोंडातून जाऊ द्या. कोमट पाण्याची थोडक्यात अंघोळ, अंग ओलसर असतानाच भरपूर साधे, सुगंध नसलेले मलम, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली ट्यूब सांगितलेले दिवस. 'मेडिकलमधून विचारून आणलेली' ट्यूब नको. नायट्याची, खरजेची आणि इसबाची एकच ट्यूब वापरून आलेली इतकी पोरे आम्ही पाहिली आहेत की त्यावर वेगळे भाषण होईल.

सासूबाईंच्या म्हणण्याचेही उत्तर दिले पाहिजे. ॲलर्जीची प्रवृत्ती घराण्यातून येते, हे खरे. पण ती आईकडून येते तशी बापाकडूनही येते. त्या मुलाच्या वडिलांना आम्ही पुढे विचारले, तेव्हा कळले की त्यांना लहानपणी दहा वर्षांपर्यंत 'बाळदमा' होता आणि सासूबाई त्यांना गावच्या वैदूकडे घेऊन जात असत. सासूबाई विसरल्या होत्या. आणि प्रवृत्ती म्हणजे आजार नव्हे. दोन-तीन पिढ्यांत माणसाचे रक्त बदलत नाही, पण अनेक देशांत याच काळात ॲलर्जी कितीतरी वाढली. म्हणजे बाकीचे आपल्या भोवताली आहे.

भोवतालाचे एक उदाहरण फार गमतीचे आहे. जर्मनीचे दोन तुकडे १९९० साली एक झाले तेव्हा एरिका फॉन म्युटियस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी दोन्हीकडची मुले तपासली. पूर्वेकडच्या लाइप्झिगमध्ये कारखान्यांचा धूर, घरात कोळसा. सगळ्यांना वाटले, तिथे ॲलर्जी जास्त असणार. निघाली उलटी! शिंकांची ॲलर्जी स्वच्छ म्युनिकमध्ये तिप्पट होती. अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांचेही तसेच. पूर्वज जवळपास सारखे, खाणे सारखे. आमिश घोड्याने नांगरतात, पोरे पाळण्यापासून गोठ्यात असतात. हटराइटांची शेती यंत्रावर, गोठे घरांपासून दूर. आमिश मुलांत दमा ५ टक्के, हटराइटांत २१ टक्के. २०१६ सालच्या अभ्यासात आमिशांच्या घरातली धूळ तपासली, तर तिच्यात जंतूंचे अंश कितीतरी पट जास्त होते. लहानपणी नाना तऱ्हेचे निरुपद्रवी जंतू भेटले की शरीराचे पहारेकरी ताळ्यावर राहतात, असे आता मानले जाते.

हे ऐकून आमच्या एका मित्राने विचारले, "मग आपल्या गटारकाठच्या पोरांना ॲलर्जी व्हायलाच नको!" नाही हो. गोठ्यातली धूळ वेगळी आणि आपल्या खोलीतली वेगळी. आपल्याकडे गायी नाहीत, झुरळे आहेत. ओल आहे. दहा बाय बाराच्या बंद खोलीत सहा जणांचा श्वास, चुलीचा किंवा डासांच्या कॉइलचा धूर, आणि वडिलांची बिडी आहे. गादीत, गोधडीत डोळ्यांना न दिसणारे धुळीचे किडे असतात, ते आपल्या अंगाच्या कोंड्यावर जगतात, आणि दमट हवा त्यांना मानवते. बाळाला सर्दीचे विषाणू छातीत उतरण्याचे आजार वरचेवर झाले की श्वासनळ्या आणखी हळव्या होतात. कातडीपासून सुरू झालेली वाटचाल छातीपर्यंत पोचते ती या सगळ्यांच्या हाताने. घाणीने ॲलर्जी टळते असे समजून कोणी हात धुणे सोडू नये, जुलाबाने मुले आजही मरतात.

तेव्हा गोधड्या उन्हात टाका, उशीचे अभ्रे कडक गरम पाण्यात धुवा, भिंतीची ओल जागामालकाच्या मागे लागून दुरुस्त करून घ्या. विहारातही पौर्णिमेला मेणबत्त्या आणि अगरबत्त्या लागतात तेव्हा खिडक्या उघड्या असाव्यात. दमेकरी पोरे मागच्या दाराजवळ बसतात, हे आम्ही पाहिले आहे.

आणि पंप. "पंप लागला की सुटत नाही", "मुलीच्या लग्नात अडचण येईल", हे ऐकून आम्ही थकलो. धाप लागल्यावर घ्यायच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, त्याच औषधाच्या लहान गोळीत दोन मिलिग्रॅम, म्हणजे वीस फवाऱ्यांइतके. गोळी पोटातून सगळ्या अंगभर फिरते, फवारा छातीत जातो. रोज घ्यायचा पंप वेगळा असतो, तो श्वासनळीची सूज धरतो. बरे वाटले म्हणून तो मध्येच सोडतात आणि मग रात्री दोन वाजता रिक्षा शोधतात.

तो मुलगा आता तरुण झाला आहे. अंडे तो शाळेत असतानाच खाऊ लागला, बहुतेक मुलांचे तसे होते. छातीचे अजून पावसाळ्यात होते, पंप खिशात असतो. २०१८ साली त्याच्या काकूला मुलगी झाली, तिचेही गाल तसेच लाल. या वेळी आम्ही वेगळे सांगितले, आणि सहाव्या महिन्यात उकडलेल्या अंड्याचा पहिला कण भरवला तो सासूबाईंनी. मुलगी छान खाते. एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

वेळ संपत आली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलांच्या वर्गानंतर आम्ही दोघे विहारातच थांबतो. पंप आणि स्पेसर कसा धरायचा ते तेव्हा दाखवू. येताना घरात असतील ते पंप आणि लावत असाल त्या ट्यूबा पिशवीत घालून आणा, संपलेल्या असल्या तरी.